विरजण

आडनाव तांडेल, पण होडी कधी हाकली नाही त्यानं.
भांडुपच्या कारखान्यात तीन नंबरचा रिॲक्टर हाकला,
सत्तावीस वर्षं.

मी माटुंग्याहून डिग्री घेऊन नवी नवी आलेली,
खिशात पेन, डोक्यात आलेख,
आणि त्या रात्री बॅच बसेना.
तापमान बरोबर. आम्लता बरोबर.
झाकणाच्या काचेतून बॅटरी मारून बघावं
तर चार हजार लिटर द्रावण आपलं ढिम्म,
निवळशंख,
एक कण धरायला तयार नाही.

तांडेलनं ढवळणीच्या आवाजाला कान लावला.
मग लॉकरमधून बाटली काढली,
मागल्या बॅचची चिमूटभर भुकटी.
"विरजणाशिवाय दही लागतंय का, बाई?"

पुस्तकात याला दुसरं नाव होतं.
मला ते पाठ होतं.

पहाटे चारच्या सुमारास
काचेपलीकडे काहीतरी चमकलं,
मग दोन, मग मोजता येईनात,
मोटारीचा सूर जड होत खाली उतरला
आणि तो म्हणाला, "लागलं."

रक्तदाबाचं औषध होतं ते.
एका गोळीत जेमतेम पाच मिलिग्रॅम,
बाकी नुसता स्टार्च, दाबून बसवलेला आकार.
मी कागदावर हिशेब मांडला:
या एका रात्रीतून आठ कोटी गोळ्या!
त्याला सांगितलं.
"मंग ओव्हरटाइम डबल लावा," म्हणाला.

ड्रायरची भुकटी मात्र मोजमाप पाळायची नाही.
मास्क म्हणजे घरचा रुमाल.
लोखंडी जिना चढताना तांडेल मध्येच कठडा धरायचा,
डोळ्यांपुढे अंधारी;
घोटे सुजलेले, बुटाच्या नाड्या सोडलेल्या.
आजार नव्हताच त्याला.
औषध मात्र रोज होतं.

मी हे कुठल्या रजिस्टरात लिहिलं नाही.
शुद्धता नव्व्याण्णव पूर्णांक सहा,
एवढं लिहिलं. सही केली.

आता तिथं बत्तीस मजले आहेत.
तीन नंबरच्या जागी, माझ्या अंदाजानं,
पोहण्याचा तलाव.
औषधाच्या दुकानात मी पोराला विचारते,
"यातलं मूळ औषध बनतं कुठं रे?"
तो पट्टी उलटीसुलटी करतो.
"एक्स्पायरी लांब आहे, काकू. घ्या बिनधास्त."

डॉक्टरांनी अर्धीच सांगितली आहे,
घोटे सुजतात म्हणून.
रात्री सुरीनं गोळी तोडते,
बशीत चुरा सांडतो,
तो बोटानं टिपून घेते.
नखात थोडा राहतोच.