वजन

अकरा वर्षं मी फुगे शिवते,
चावुशीनच्या रस्त्यावरच्या गोदामात, पत्र्याखाली.
टेबल एवढं लांब
की पलीकडच्या टोकाला बसलेली साकिने काही बोलली
तर ऐकू येत नाही, नुसती मान हलवायची.
ज्यांना वर जायचं ते कुठून कुठून येतात,
ब्राझीलहून, कोरियाहून.
खाली उतरल्यावर त्यातले काही रडतात.
मला कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.
शिंप्याने काय प्रत्येक सदरा अंगात घालून बघायचा?

त्या पहाटे जेलालच्या टोपलीला चार माणसं कमी पडली.
रात्रीची दारू, नाहीतर पोट.
"एका अंगाला कलतेय," तो म्हणाला.
"हाजेर आबला, चढ. वजन हवंय."

असं आलं मला आभाळाचं बोलावणं.
मी काही हलकी नाही. चढले.
टोपलीच्या भोकात पाय घालताना सलवार अडकली, टर्रकन फाटली.
असू दे. घरी गेल्यावर शिवू.

जमीन सुटली ते कळलंच नाही.
झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढून घेतात
तसं कुणीतरी गाव काढून घेतलं.

सगळे खाली बघत होते. मी वर.
ज्योत भडकली की आतून सगळं कापड उजळायचं
आणि माझी टीप न् टीप दिसायची.
निळ्या पट्ट्याजवळची ती दुहेरी शिवण,
ती मार्चमधली. माझं बोट सुजलं होतं तेव्हा.
किंचित वाकडी गेलीय.
दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येणार नाही.
आणि त्या शिवणीला लोंबकळत
सोळा माणसं फोटो काढत होती.
माझ्या पोटात गोळा आला
तो उंचीने नाही.

मग खाली बघितलं.
सुळक्यांच्या पोटात बापाने कोरलेली कबुतरांची घरं,
तोंडाशी लावलेला चुना अजून पांढरा.
आता खत पोत्यातून येतं.
कबुतरं कशाला राहतील?

वारा पडला तसं जेलालने फुगा घरांवरून अगदी खालून नेला.
आमची आळी. आमची गच्ची.
चादरीवर वाळत घातलेले जर्दाळू,
आणि कठड्याकडच्या बाजूला, दरवर्षीसारखीच,
रिकामी जागा.
याच जागेपायी चार उन्हाळे
मी शेजारच्या रुकियेशी बोलत नाही.

कठड्यावर ओणवा होता तिचा सासरा,
दुर्मुश आमजा, ज्याला म्हणे अंथरुणातून उठवत नाही.
पायजमा, टोपी,
हातात तंदूरमधली भाकर काढायचं लांब फळकूट,
आणि त्याने एकेक जर्दाळू ओढत होता.
एक तोंडात. मग हिरड्यांनी कितीतरी वेळ.
मग दुसरा.

आमची सावली त्याच्यावरून गेली.
त्याने वर पाहिलं. थिजला.
मग जर्दाळूसकट हात वर केला
आणि शाळेतल्या पोरासारखा हलवत राहिला.
सगळी टोपली ओरडली, बाय बाय!
माझाही हात वर गेला,
मी तो थांबवला नाही.

उतरलो एका भोपळ्याच्या शेतात.
शेतकरी शिव्या देत आला, पैसे घेऊन गेला.
सगळ्यांना नाव घातलेला कागद मिळाला.
माझ्यासाठी कागद नव्हता, पण सरबत होतं.

संध्याकाळी रुकिये दारात दिसली.
म्हटलं, "सासरे कसे आहेत?"
ती इतकी दचकली की हातातला झाडू पडला.
"तसेच. उठवत नाही त्यांना."
"हो का," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जर्दाळू पसरताना
कठड्याकडचे बी काढून ठेवले, आणि जरा पिकलेले.
मग गोदामात जाऊन मार्चची शिवण उसवायला घेतली.
साकिने लांबून काहीतरी म्हणाली.
मी मान हलवली.