एकदाच खाली पडलेली

चौथ्यांदा खोडलं पहिलं वाक्य.
'अठराशे शहाऐंशी साली फ्रेंच सैन्याने...'
इथवर आलो की
खिडकीबाहेर व्हिएन नदीसुद्धा जांभई देते.

शातेलरो गाव. बंद कारखान्याच्या तीन खोल्या,
भिंतीला टेकून एकशे बारा बंदुका,
प्रत्येकीखाली पोस्टकार्डाएवढी कोरी जागा.
'लोकांना मजा आली पाहिजे हं, मसिय प्लुमो,'
किल्ल्या देताना मादाम गिल्यार म्हणाल्या.
'नमनालाच घडाभर तेल नको.'

मजा.
लबेल : नळी ऐंशी सेंटिमीटर.
पोटात आठ काडतुसं, एकामागे एक,
पाववाल्याच्या दारातल्या गिऱ्हाइकांसारखी.
(हे जमलं. ठेवू.
मग आठवतं, मागच्याचं टोक
पुढच्याच्या बुडाला टेकलेलं,
आणि शिपायांना धास्ती त्याचीच.
खोडतो.)
शास्पो : सुई कागदी काडतूस भेदत जाते,
जसा टाका.
शिंपी हसतील. बाकीच्यांचं काय?
बर्तिए : आधी तीन गोळ्या, मग पाच.
तिनाच्या पाच व्हायला
एक महायुद्ध लागलं.
हे तर मी लिहिलंही नाही,
तरी कार्डावर उमटल्यासारखं दिसतं.

शेवटी शिळ्या कढीला ऊत आणला.
लेओन्सच्या गुत्त्यात पिढ्यान्‌पिढ्या चालणारा विनोद
सुबक अक्षरात लिहून
सत्तेचाळीस नंबरखाली टाचला :
'फ्रेंच बंदूक विकणे आहे.
कधीच झाडलेली नाही.
एकदाच खाली पडलेली.'

तीन दिवस लोक हसले. एकाने फोटोही काढला.

मंगळवारी झेली कुर्तादों आल्या.
काखेत पाव, नाकावर दोरीचा चष्मा.
कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं.
'एकदाच,' म्हणाल्या. 'बरोबर आहे.
बाबा एकदाच पडले.'

मी कार्ड काढायला हात पुढे केला,
त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.
'वास घेऊ का हिचा?'
नियमात बसत नाही. मी मान हलवली, होकाराची.

त्या वाकल्या. लाकडाला नाक लावलं,
आणि अचानक हसू फुटलं त्यांना,
डोळ्यांत पाणी येईतो.
'हेच तेल! इथेच कामाला होते ते.
साबणाने तीनदा हात धुवायचे,
तरी त्यांनी तोडून दिलेल्या पावाला
हाच वास.
शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही.
मला वाटायचं, पाव असाच लागतो.'

जाताना पावाचं टोक मोडून दिलं मला.
ते टेबलावर ठेवून नवं कार्ड लिहिलं :
'क्र. ४७. हिच्या तेलाचा वास
एका मुलीच्या पावाला यायचा.'

मादाम गिल्यार वाचून म्हणाल्या,
'ह्यात मजा कुठे आहे?'
'होती,' म्हटलं. 'मंगळवारी.'

त्यांनी कार्ड काढलं नाही.
एकशे अकरा राहिल्या.