उसनवार

मिनियापोलिसहून निघाले तेव्हा काळोख होता.
मागच्या सीटवर पट्ट्यानं आवळलेली पेटी,
पेटीत कोरडा बर्फ,
बर्फात दोनशे चौदा नळ्या.
खिडकी बोटभर उघडी ठेव, म्हणाले होते, वायू साचतो.
चार तास उजवा कान जागेवर नव्हता.

सत्त्याऐंशी साली मधुमेहाचं नाव सांगून घेतलेलं रक्त.
मग त्याच रक्ताला कुणीतरी विचारलं,
तुम्ही मुळात आलात कुठून?
रक्त बोललं.
ज्यांचं होतं, त्यांना मात्र
कुणी काही विचारलं नाही.
ते प्राध्यापक आता गोल्फ खेळतात.
फ्रीजरची किल्ली माझ्याकडे आली.

बेमिजीच्या पुढे तळं अजून पांढरंच.
सभागृहात आर्डिस किंगबर्डनं पेटीआधी मला पाहिलं.
कुणाची गं तू?
इंग्रजीत विचारलं, पण अगदी असंच.
मी विद्यापीठाचं नाव सांगितलं.
ती थांबून राहिली.
मग आईचं सांगितलं, गावाचं, कऱ्हा नदीचं.
तेव्हा कुठे खुर्ची सरकवली.

चष्मा लावून तिनं झाकणं वाचली, सगळे आकडेच.
"यातली माझी आई कुठली?"
मी वही उघडली. एकशे नऊ.
तिनं नळी उचलली नाही,
नुसता तळवा वर धरला, शेकोटीवर धरावा तसा.

मातीत द्यायचं ठरलं होतं,
पण माती दगड झालेली; मेपर्यंत कुदळ चालणार नाही.
म्हणून सभागृहाच्या फ्रीजरमध्ये,
वॉलाय मासे आणि हरणाच्या मांसाच्या पुड्या सरकवून
जागा केली.
"इथं निदान ओळखीचे शेजारी आहेत."

मी म्हटलं, हा उणे वीसचा आहे. उणे ऐंशी लागतं.
डीएनए खराब होईल.
"होऊ दे."

घशात अडकलेलं तरीही विचारलं.
एक बारीकसा बदल सापडलाय, मधुमेहाचाच,
खरंच उपयोगी पडेल असा,
तुमच्याच नातवंडांना कदाचित.
तिनं कॉफी ओतली.
"विचारलंस, बरं केलंस. पुढच्या वर्षीही विचार."
हो म्हणाली नाही.
नाही म्हणाली नाही.

उसनं भांडं रिकामं परत करू नये, म्हणतात आमच्याकडे.
मी तर भरलेलं नेलं होतं,
तरी रिकामं दिल्यासारखं का वाटत होतं, कोण जाणे.

परतताना रिकाम्या पेटीलाही पट्टा लावला, सवयीनं.
खिडकी लावायची राहूनच गेली.