ढील

सारंगखेड्याच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला
मगन गुजराच्या पपईची मोटर आहे.
तिच्या पाइपापासून सतरा पावलं.
आबा मोजत जातात, मी मागून पिशवी घेऊन.
होडी दोन वर्षांपूर्वी विकली,
तेव्हापासून आमची तापी काठावरूनच.

गळाला कोंबडीचं आतडं,
गळाच्या वर वीतभर सायकलच्या ब्रेकची तार,
कारण शिवड्याचे दात दोरा ठेवत नाहीत.
वजनाला ट्रॅक्टरचा एक नट.
हे सगळं ते बोटांनीच बांधतात,
डोळ्यांना विचारत नाहीत.
डोळ्यांत दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय.
मंगळवारी धुळ्याला न्यायचंय,
हे मी आज तिसऱ्यांदा सांगितलं
आणि तिसऱ्यांदा ते म्हणाले, "थंडी जाऊ दे."

तर्जनीवर एक वेढा घेऊन
दोरा काळ्या पाण्यात उतरला.
पलीकडच्या तीरावर कुणी पऱ्हाट्या जाळत होतं,
धूर नदीवर आडवा पडलेला.
मला दोनदा वाटलं, ओढ आली.
"ते पानी शे," आबा म्हणाले.
मग बराच वेळ काहीच नाही.
मी मोबाइल काढला,
त्यांनी न बघता तो खाली दाबला.

आणि मग त्यांचा खांदा बदलला.
एवढंच. खांदा.
दोरा सुरकन पळाला, मी झेपावले.
"आते नको ओढू.
त्याले वाटू दे, तोच जिकी ऱ्हायना."

ढील. जरासं आवळणं. पुन्हा ढील.
बिडी ओढून व्हावी इतका वेळ,
पण बिडी खिशातच.
चिखलावर आला तेव्हा
माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत लांब,
ओल्या मिशा, रुंद, रागीट तोंड.
मी टॉर्च मारला
आणि डोळा पेटला:
थंड, चुन्याच्या निवळीसारखा उजेड,
आतून कुणी परत पाठवल्यासारखा.

"डोया कसा शे त्याना?"
चमकतोय, मी म्हणाले.
"मना बी चमकस का?"

टॉर्च मी त्यांच्याकडे वळवला नाही.
बटण दाबलं. अंधारात
त्यांनी गळ माझ्याहून लवकर सोडवला.

सतरा पावलं, मोटर, मग चढ.
स्कूटीवर मागे बसून
गोणपाटातला मासा त्यांनी मांडीवर घेतला.
मंगळवारचं मी चौथ्यांदा काढलं नाही.
डांबरीवर आलो,
पेट्रोल पंपाचे दिवे मागे गेले,
तेव्हा माझ्या पाठीशी आवाज आला,
"मंगयवारनी बस कितला वाजानी शे?"

सहाची, मी म्हणाले.
गोणपाट एकदा उसळलं.