वल्ही नावेत

डॉक्टर तरुण होता, राजधानीतून आलेला.
ईसाफ्योर्दुरच्या इस्पितळात, कॉफीच्या यंत्रापाशी
आवाज उतरवून म्हणाला,
"एविंदुरनी आता वल्ही नावेत ठेवलीत."

आइसलँडी भाषेत असंच म्हणतात.
आपण हात टेकतो,
ते वल्ही नावेत ठेवतात.
गणितापुढे शाळकरी पोरंसुद्धा ठेवतात,
ज्यांनी वल्हं कधी हातात धरलेलं नाही.

थोरकात्लानं मान हलवली.
मग विचारलं, "ओली, की कोरडी?"

त्याला कळलं नाही.
ती सांगू लागली,
त्याला नव्हे, बहुधा खिडकीबाहेरच्या फियॉर्डला:

डावं आधी. नेहमी डावं आधी.
पातं नाळेकडे, मूठ स्वतःच्या गुडघ्याशी.
लाकडावर लाकूड टेकायचं, बद्द,
जरा थांबून दुसरं, बद्द,
धुक्यातून थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा तो आवाज.
मी बटाटे चुलीवर चढवायचे.

पण त्याआधी एकदा ठेवलेली असायची त्यानं,
तिकडे, जिथून आमचं घर
बोटाच्या पेराएवढं दिसतं.
एकदाच गेले होते सोबत, थोरला पोटात होता.
वल्ही आत घेतल्याशिवाय
गळ पाण्यात सोडताच येत नाही, पोरा.
वल्हवत राहणाऱ्याला कॉड मिळत नाही.
हात मोकळे लागतात.

डॉक्टर घड्याळाकडे बघत नव्हता, एवढं खरं.
"तरी," तो म्हणाला, "अर्थ तर तोच ना, आजी?"
"अर्थ," ती म्हणाली,
"काठावर उभे असलेल्यांनी लावलाय."

खोलीत एविंदुरचे हात पांघरुणाबाहेर,
तळवे वर.
तिनं पिशवीतून हातमोजे काढले,
जुने, लोकरीचे, प्रत्येकाला दोन अंगठे:
एक बाजू झिजली की फिरवून घालायचे.
याच्या दोन्ही बाजू झिजलेल्या.
गार पडलेत हात, म्हणून आणले होते.
थोडा वेळ मांडीवर धरले.
परत पिशवीत ठेवले.

मग त्याचा डावा हात पांघरुणात घेतला.
जरा थांबून उजवा.

नर्स आत आली, सलाईन पाहिली,
जायला निघाली.
"दार हळू लाव," थोरकात्ला म्हणाली,
"गळ खाली गेलाय."