सूची : ‘हात’

मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारी दोन ते पाच,
मी, वर्ना कॉरकम, मासळी कारखान्यातून निवृत्त,
हॅलेट कोव्हच्या संग्रहालयात
जुन्या वर्तमानपत्रांची सूची करते.
बिनपगारी. चहा मिळतो, आणि खिडकीभर धुकं.

रीळ यंत्रात सरकवायचं, मूठ फिरवायची,
की नोव्हा स्कोशियाचं एक अख्खं वर्ष
काचेवरून पोहत जातं, कधी सुलटं, कधी उलटं.

सुरुवातीला मी जहाजांची नावं तेवढी टिपायची.
मग हा शब्द दिसायला लागला,
आणि एकदा दिसल्यावर
कपाळावर बसलेल्या माशीसारखा उठेचना.

मार्च १९२३. पान एक, डावा कोपरा :
*हात पाहिजेत. चौदा. ‘क्लारा झिंक’साठी.
बूट ज्याचे त्याने आणावेत.*
हाताने बूट कसे घालायचे
हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

त्याच पानावर, घडीच्या खाली,
भेगाळलेल्या हातांवर उपाय : मेंढीची चरबी, थोडं मेण.
पत्त्यांच्या सदरात सलग सहा हात करणारी पाद्रीबाई.
मिस अल्मा हिर्टलचा हात कुणीतरी हॅलिफॅक्सहून येऊन मागितला.
हातची राखलेली एक शेगडी, विकणे आहे.
कप्तानाला नाव, मालकाच्या नावामागे श्रीयुत.
बाकी सगळे हात.

सप्टेंबर. पान दोन.
*सेबल बेटाजवळ. सर्व हातांसह.*
एवढंच. त्याखाली एक रेघ,
रेघेखाली सुक्या कॉडचा भाव :
क्विंटलला सात डॉलर, बाजार स्थिर.

मी मूठ थांबवली नाही, खोटं कशाला सांगू.
अशा बातम्या या रिळांत पुष्कळ आहेत.
थांबले ती पुढच्या आठवड्यापाशी.
पान चार, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत :

*दुरुस्ती. मागील अंकात ‘चौदा’ असे छापले गेले,
तेथे ‘तेरा’ वाचावे.
एक हात, ओबेड कॉरकम,
बोटात गळ रुतून पू झाल्याने
निघण्यापूर्वीच उतरवण्यात आला होता.*

तेरा वाचावे, असं छापलंय.
वाचला एकच.

आजोबांची उजवी तर्जनी आकड्यासारखी वाकडी होती.
आम्ही मुलं तिला डबे टांगायचो.
पण चर्चच्या पायऱ्यांवर
नॉसबाई किंवा म्हातारी लीटा मोशर समोरून आली
की तो हात कोटाच्या खिशात जायचा,
जुलैतसुद्धा.
आम्हाला वाटे, त्यांना थंडी वाजते.

आणि हेही लिहून टाकते :
कारखान्यात माझ्या पगाराच्या पाकिटावर छापलेलं असे,
*हात क्रमांक ११८.*
एकवीस वर्षं.
मी पाकीट फोडायची, पैसे मोजायची,
बसचे सुटे वेगळे काढायची.

संग्रहालयाच्या बाई म्हणतात,
एका शब्दाला एक कार्ड पुरे, वर्ना,
आपल्याकडे कपाटं दोनच आहेत.
म्हणून मी लिहिलं :
हात. पाहा : माणसे.

मग ‘माणसे’चं कार्ड कोरं ठेवणं बरं दिसेना.
ल्यूथरन चर्चच्या वहीत नऊ नावं मिळाली,
दोन सख्ख्या भावांची, एक सोळा वर्षांचा.
चार अजून नाहीत.
त्यांतला एक बहुतेक न्यूफाउंडलंडचा,
मार्चमध्ये कामासाठी आलेला,
इथे कुणाच्याच ओळखीचा नसलेला.

फिल्मची शाई बोटांना लागत नाही.
तरी उठताना मी हात धुते, साबण लावून.

गुरुवारी बॅप्टिस्टांची वही मागायची आहे.
किल्ली त्या मर्ल स्पिंडलरकडे असते
आणि तो फोन उचलत नाही.