कर्ता एकच हवा

गोळीबार चौकाजवळ, किराणा दुकानाच्या माडीवर
आमची रात्रशाळा.
कूलरच्या गवतातून पाणी ठिबकतं बादलीत
आणि मी फळ्यावर लिहिते
दोन वाक्यं, दोन पूर्णविराम.
ही टुक हिज टिफिन.
ही वेंट टू वर्क.

पहिला पूर्णविराम पुसा, मी सांगते,
एक 'ही' पुसा,
क्रियापदाला आयएनजी लावा.
टेकिंग हिज टिफिन, ही वेंट टू वर्क.
डबा घेऊन तो कामावर गेला.
मराठीत तर आपण
उठून, आवरून, कुलूप लावून, किल्ली शेजारी देऊन
एका दमात चौकापर्यंत पोचतो
तरी वाक्य संपलेलं नसतं.

मी नाशिककडची. 'करते आहे' म्हणणारी.
पहिल्या वर्षी हजेरीला कुणी जिन्यातून ओरडलं,
"येऊन राहिलो नं मॅडम!"
आणि मी खडू धरून थांबले:
हा येऊन राहिलाय, की यायचाय अजून?
आता सवय झाली.
पंखा फिरून राहिला, पोरं लिहून राहिली,
खाली मालाचे ट्रक जाऊन राहिले.

नियम एकच, मी बजावते.
कर्ता एकच हवा.
क्लाइंबिंग द स्टेअर्स, द लाइट्स वेंट आउट.
सांगा, जिना चढलं कोण?
मागच्या बाकावरून फिरोज,
अंड्यांची गाडी पोराच्या भरवशावर टाकून आलेला:
"लाईटच चढली, मॅडम.
आमच्या गल्लीत रोज चढते, रोज उतरते."
सगळे हसतात. मीही.
तरी त्या वाक्यावर लाल खडूची काट.

कुंदा हेडाऊ हसत नाही.
वय एकेचाळीस, गांधीबागेत साड्यांना फॉल लावते,
वहीला वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर जुन्या निकालाचे आकडे.
ती विचारते,
"अन् तो आलाच नाही, ते कोठं जोडाचं?"
कोण तो?
"फळ्यावरचा. डबा घेऊन गेला तो."

कुणीतरी खोकतं.
बादली भरत आलेली.
मी म्हणते, ते तिसरं वाक्य होईल.
वेगळं लिहा.

घरी वह्या काढल्या तेव्हा बारा वाजून गेले होते.
स्वाध्याय सात: स्वतःची दोन वाक्यं जोडा.
फिरोजचं बरोबर. बॉइलिंग एग्ज, ही सिंग्ज.
सोनकुसरेनं शेजारच्याचं उतरवलंय, खाडाखोडीसकट.
मग कुंदाची वही.
तिरकी अक्षरं, शब्दाशब्दाखाली धावदोऱ्यासारखी रेघ:
टेकिंग हिज टिफिन, नाइन इयर्स वेंट.

चूक. उघड चूक.
कर्ता बदलला मधेच.
या वाक्यात वर्षांनीच उचललाय डबा,
नऊच्या नऊ वर्षं
चपला घालून, कडी ओढून, जिना उतरून गेलीत.
मराठीत खपलं असतं.
त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणतोच ना आपण.
जातो एक, होतात दुसरीच,
आणि व्याकरण हूं की चूं करत नाही.

लाल पेन टेकवलं. उचललं.
गुणांची चौकट रिकामी ठेवून
समासात बारीक अक्षरांत विचारलं,
डब्यात काय होतं?

दोन दिवसांनी वही आली परत.
माझ्या प्रश्नाखाली, या खेपेला मराठीत,
कुठंही आयएनजी न लावता:

वांग्याची भाजी होती.
मीठ टाकाचं राहून गेलं.